सासूबाई, वय वर्षे चार

"टाई दाहिने कंधे पर करो," इंदू म्हणाली, आणि लखनौहून आलेल्या डॉक्टर काशीनाथ सहायांनी मुकाट्यानं आपला टाय उजव्या खांद्यावर टाकला, तेव्हा मृणालिनी आगाशे खुर्चीतून अर्धी उठली. बनारसच्या त्या कॉलेजातला वर्ग गच्च भरला होता. बालमानसशास्त्र घेतलेल्या मुली एकेका बाकावर चौघी-चौघी दाटून बसल्या होत्या, पहिल्या रांगेत प्राचार्या प्रभावतीबाई खास पाहुण्यांसाठी काढलेली रेशमी साडी नेसून बसल्या होत्या, आणि फळ्यावर मृणालिनीच्याच वळणदार अक्षरात 'चार वर्षांच्या बालकाची मुक्त क्रीडा' या अर्थाचं हिंदीत लिहिलं होतं. कॉलेजला बालवाडी आणि तिच्या शेजारी निरीक्षणाची खोली मंजूर व्हायची की नाही, हे डॉक्टरसाहेबांवर होतं. प्रात्यक्षिकासाठी मूल कुणाचं आणायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा मृणालिनीनं काहीशा अभिमानानं, पण तो दिसू न देता, "माझी मुलगी आहे," असं म्हटलं होतं. जिला कधी बागुलबुवा दाखवला नाही, जिच्याशी कधी बोबडं बोललं नाही, जिला 'हे करू नको' असं न म्हणता 'हे केलं तर काय होईल बरं?' असंच विचारलं, ती मुलगी. या वयाची मुलं ठोकळ्यांचं घर करतात, मातीचा माणूस करताना त्याचे पाय थेट डोक्यातूनच काढतात, हे तिनं वर्गाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी टेबलावर ठोकळे, मणी आणि मऊ मातीचा गोळा मांडला आणि "बेटी, जो चाहो बनाओ," असं म्हटलं. इंदूनं ठोकळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं माती घेतली, खाली जमिनीवर उकिडवी बसली, "पानी," म्हणाली. कुणीतरी पेलाभर पाणी आणलं. मग तिनं डॉक्टरांना बोट दाखवून समोर बसवलं आणि मातीचे तीन गोल, सारखे, गुळगुळीत गोळे वळून ओळीत ठेवले.

"गोत्र?"

"क्या बेटी?"

"गोत्र बोलो. मालूम नहीं? तो काश्यप." हे तिनं इतक्या सराईतपणे उरकलं की मागच्या बाकावरच्या मुली खदखदून हसल्या. "बाप जीता है?"

"नहीं," डॉक्टर म्हणाले.

"नाम?"

मृणालिनी पुढे सरकली होती. पण प्रभावतीबाईंनी तिचा पदर मागून धरला होता, का, तर डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं. ते आता मांडी घालून बसले होते. सुटाची विजार गुडघ्यावर ताणली गेली होती. "हरिशंकर," ते म्हणाले. इंदूनं पहिल्या गोळ्यावर पाणी सोडलं. आजोबांचं नाव त्यांनी गौरीशंकर सांगितलं, त्यावरही पाणी पडलं. पणजोबांचं नाव त्यांना आठवेना. मुलांची स्मरणशक्ती मोजायची कसोटी ज्यांनी तयार केली ते डॉक्टर सहाय कपाळाला हात लावून आठवत राहिले आणि इंदू त्यांच्याकडे, गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की भटजी पाहतात तशी, कंटाळून पण समंजसपणे पाहत राहिली. शेवटी तिनंच तिसऱ्या गोळ्यावर पाणी सोडलं. "जाने दो," ती म्हणाली, "जिसका नाम नहीं मालूम, उसको भी भूख लगती है." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग इंदूनं हात पुढे केला, "दक्षिणा," आणि डॉक्टरांनी खिसे चाचपून तिच्या हातावर एक पेपरमिंट ठेवलं. जाताना दारात ते मृणालिनीला म्हणाले, "इस बच्ची को बनाया किसने है, मिसेज आगाशे?" त्यांचा टाय अजून खांद्यावरच होता. ते कौतुकानं विचारत होते की चौकशीनं, ते तिला कळलं नाही; पण उत्तर देता आलं नाही, हे मात्र तिथल्या प्रत्येक मुलीला कळलं.

रिक्षात इंदू तिच्या मांडीवर बसून पेपरमिंट चोखत होती. गोदौलिया चौकाच्या गर्दीत रिक्षावाला कधी घंटी, कधी शिवी वाजवत वाट काढत होता, आणि मृणालिनी 'कोणी शिकवलं तुला हे?' हा प्रश्न ओठांवरून परत परत गिळत होती. कारण असा प्रश्न मुलाला गुन्हेगार ठरवतो, हे ती दर वर्षी ऑगस्टमध्ये शिकवायची. "तुला मजा आली का, इंदू?" तिनं शेवटी विचारलं. इंदूनं क्षणभर विचार केला. "यजमान चांगला होता," ती म्हणाली. "रडला." मृणालिनीनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे पुण्याचं घर आलं, आणि नेहमीप्रमाणे आधी सेफ्टीपिनच आली. मृणालिनी जन्मानं डावखुरी. तिच्या वडिलांना, अण्णांना, डावा हात अशुभ वाटायचा असं नव्हे, ते सुधारक होते. त्यांना तो गबाळा वाटायचा. म्हणून लिहायला बसताना फ्रॉकची डावी बाही फ्रॉकलाच पिनेनं टाचली जायची. हात आत कोंडलेल्या पाखरासारखा फडफडायचा, मग थंड व्हायचा, आणि उजव्या हातातली पेन्सिल पाटीवर करकरायची. त्या हाताला अजून मुंग्या येतात, विशेषतः कुणी तिच्या अक्षराची स्तुती केली की. म्हणूनच तिनं हा विषय घेतला, असं ती कुणाला सांगत नसे. पण इंदू झाली त्या दिवशी इस्पितळातल्या खाटेवर तिनं स्वतःला सांगितलं होतं: हिला कुणीही टाचणार नाही. ही जशी आहे तशी वाढेल. मूल म्हणजे बी, आपण फक्त ऊन-पाणी. वाक्य सुरेख होतं. तेही ती दर वर्षी शिकवायची. फक्त श्रीनिवासची बँकेतून बनारसला बदली झाली, दूधविनायकाच्या गल्लीत वरचा मजला भाड्यानं मिळाला, तिला कॉलेजात नोकरी लागली, आणि ऊन-पाणी द्यायला दिवसभर घरात कुणी उरलं नाही. खालच्या मजल्यावर घरमालक राहत. दिनानाथशास्त्री घाटावर श्राद्धपक्ष चालवायचे. त्यांच्या किती पिढ्या काशीतच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, प्रेमलाकाकूंनी, पहिल्याच आठवड्यात तान्ह्या इंदूला उचललं आणि म्हटलं, "तू जा गो निश्चिंत. काही फिकिर नको." आणि मृणालिनी खरोखरच निश्चिंत गेली होती. आता रिक्षाच्या हेलकाव्यात तिला एकेक आठवू लागलं. इंदू कधी काही मागत नसे, फर्मावायची. परवाच आमटीत बोट घालून, "मीठ हात राखून घातलंय," म्हणाली होती. श्रीनिवास ऑफिसातून आला की कमरेवर हात ठेवून, "आज उशीरसा?" असं विचारायची. ते सगळं त्यांना गोड वाटलं होतं. श्रीनिवास तर हसून हसून खुर्चीतून घसरला होता. पोर म्हातारी होत चालली होती आणि तिची आई वर्गात फळ्यावर पोरांच्या वाढीचे आलेख काढत होती.

प्रेमलाकाकू चौकात बसून हरभरा सोलत होत्या. मृणालिनीनं इंदूला वर पाठवलं आणि उभ्या-उभ्याच, वर्गात नापास मुलीशी बोलावं तशा अतिशय शांत आवाजात, झालेलं सगळं सांगितलं. काकूंनी मन लावून ऐकलं. "तीनही पिंड बराबर वळले?" त्यांनी विचारलं.

"काकू, प्रश्न पिंडांचा नाहीये. तुम्ही तिला घाटावर पाठवता?"

"दुपारी यांचा डबा घेऊन जाते मी, तेव्हा येते की ती संगतीनं. बसते लाकडी चौकीवर छत्रीखाली. काय बिगडलं?"

"तिचं वय आहे का हे? ती जे पाहते ते शिकते, काकू. तुम्ही तिला हे शिकवलंत."

"मी?" काकूंनी हरभऱ्याची टरफलं झटकली. इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगो, तिला कोण शिकवणार? तिला आठवतंय सगळं. तुला बोलले नाही कधी, तू शिकली-सवरलेली, हसशील म्हणून. इंदू म्हणजे माझ्या सासूबाई आहेत."

मृणालिनी शेजारच्या पाटावर बसली. काकू सांगत राहिल्या. सासूबाई गेल्या आणि थोड्याच दिवसांत आगाशे वरच्या मजल्यावर राहायला आले. पहिल्याच दिवशी पोरीनं लोणच्याच्या बरणीकडे पाहून असा टाहो फोडला, की काकूंच्या हातातली पळी पडली. त्या बरणीला सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. मग हळूहळू सगळं तेच: तीच नजर, तसंच नाक उडवणं, तसंच जेवताना पहिला घास बाजूला सारणं. मृणालिनीच्या डोक्यात आकडेमोड चालू झाली होती. अशा वेळी तिला आकडेमोडीनंच धीर यायचा. "पण काकू," ती म्हणाली, "तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा इंदू जन्मलेली होती. चांगली तीन महिन्यांची होती."

"असेल," काकू म्हणाल्या. "त्या कुणासाठी थांबणाऱ्यातल्या नव्हत्याच."

काकूंनी मग आपण होऊनच पुढचं सांगितलं. इंदूचं पान त्या आधी वाढतात. तिच्याशी 'अहो-जाहो' बोलतात. भाजी कुठली करू, हे तिला विचारतात. म्हणजे पोरीला सासूपणा पूर्वजन्मातून नव्हे, रोज सकाळी ताटातून मिळत होता. "आणि न्हाऊ घालताना," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. हातातला हरभरा उगाच निरखू लागल्या. "न्हाऊ घालताना कधीमधी एक धपाटा देते पाठीत. एकच हो. हळूच. आयुष्यभर मी त्यांचे खाल्ले." मृणालिनी ताडकन उठली. तिच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. उद्यापासून इंदू खाली येणार नाही, असं ती म्हणाली, तिचा आवाज शांत राहिला नव्हता, जिन्यात घुमला, आणि वरच्या पायरीवर उभी असलेली इंदू म्हणाली, "हळू बोला. घरात माणसं आहेत."

श्रीनिवासला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो टॉवेलानं तोंड पुसत होता. टॉवेल बराच वेळ तोंडावरून निघेना. आत तो हसत होता. "अहो, हसताय काय?" तिनं विचारलं. "नाही, मी विचार करतोय," तो म्हणाला, "आपण घरमालकाच्या आईकडून भाडं घ्यायला हवं." मग तिचा चेहरा पाहून टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "माझ्या आईला वाटतं इंदू माझ्यावर गेलीय. तुझ्या अण्णांना वाटतं ती त्यांच्यावर गेलीय. काकूंना वाटतं सासूवर. एवढी गर्दी आहे तिच्यात, तू कशाला शिरतेस?" मला शिरायचं नाहीये, असं ती म्हणणार होती. मी तर तिला मोकळी ठेवलीय. पण मोकळ्या ठेवलेल्या जागेत येऊन कोण बसेल, याची बनारसमध्ये कुणी खात्री द्यावी? इथं ओट्यावर दोन धोंडे ठेवा, संध्याकाळपर्यंत तिथं एक देऊळ होतं.

दुसऱ्या दिवसापासून मृणालिनी इंदूला कॉलेजात नेऊ लागली. स्टाफरूमच्या कोपऱ्यात चटई, चित्रांची पुस्तकं, लाकडी बाहुली. आपल्या माणसापासून तोडलेल्या मुलाची लक्षणं तिला तोंडपाठ होती, आणि ती एकेका लक्षणाची वाट पाहू लागली: अंगठा चोखणं, रात्री अंथरूण ओलं करणं, हट्ट, आक्रस्ताळेपणा. यांतलं काहीही झालं नाही. इंदू शहाण्यासारखी बसायची. प्रभावतीबाईंनी एकदा मधल्या सुटीत येऊन सांगितलं, की डॉक्टर सहायांनी बालवाडी मंजूर केली आहे. फक्त 'मोजायचं काय आहे ते संस्थेनं आधी ठरवावं' असा शेरा मारला आहे. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. मृणालिनीनं पेढा परत बशीत ठेवला, कारण तेवढ्यात कोपऱ्यातून एक मऊ, गोड, बर्फासारखा आवाज तिच्या कानावर आला होता. इंदूनं बाहुलीला चटईवर बसवलं होतं आणि ती तिला विचारत होती, "तू असं केलंस तर काय होईल बरं? नाही, मी रागावले नाहीये. तुला काय वाटतं, मी रागावलेय का? विचार कर. मला घाई नाहीये." बाहुली काही बोलली नाही. "ठीक आहे," इंदू त्याच आवाजात म्हणाली, "तू तयार होशील तेव्हा सांग," आणि तिनं बाहुलीचं तोंड भिंतीकडे वळवलं. शेजारच्या दोन प्राध्यापिकांनी एकदम मृणालिनीकडे पाहिलं आणि एकदम पेढ्यांकडे पाहिलं. पिंडांच्या वेळी तिला लाज वाटली होती; आता भीती वाटली. सेफ्टीपिन दिसायची तरी. आपण तर पोरीला हवेनंच टाचत होतो की काय? त्यापेक्षा तो पाठीतला धपाटा, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आल्याबद्दल तिनं स्वतःला, त्याच मऊ आवाजात, जाब विचारला.

रविवारी दुपारी श्रीनिवास अंगावर वर्तमानपत्र पांघरून झोपला होता. मृणालिनीचाही डोळा लागला होता. जाग आली ती बोलण्याच्या आवाजानं. इंदू जागेवर नव्हती. मृणालिनी अनवाणी जिन्याच्या तोंडाशी गेली. जिना दगडी, अंधारा, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. मधल्या पायरीवर इंदू बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. खाली जाऊ नको असं सांगितलं होतं. वर बस असं कुणी सांगितलं नव्हतं. अगदी खालच्या पायरीवर, भिंतीला टेकून, प्रेमलाकाकू बसल्या होत्या. वर चढायचं नाही एवढं त्यांनी पाळलं होतं. किती दिवस दोघी अशा बसत होत्या, कोण जाणे. मृणालिनीला हाक मारायची होती, पण ती जागची हलली नाही. तिला हेवा वाटत होता. काळजी नव्हे, तत्त्व नव्हे, साधा, आंबट हेवा. आणि तो ओळखता आल्यामुळे तिला विलक्षण हलकंही वाटत होतं.

"प्रेमला," इंदू म्हणाली. अशी एकेरी हाक मारायला तिला कुणी लावलं असणार, ते उघडच होतं.

"जी, सासूबाई."

"जेवलीस का?"

खालून एक विचित्र आवाज आला. आधी मृणालिनीला वाटलं त्यांना ठसका लागला. पण काकू रडत होत्या, तोंडात पदराचा बोळा कोंबून, आणि त्यांचे रुंद खांदे गदगद हलत होते. मृणालिनी धावत उतरली, इंदूला ओलांडून खालच्या पायरीवर गेली. "काकू, काय झालं? काही दुखतंय का?"

"ह्या माझ्या सासूबाई नव्हेत गो," काकू हुंदके देत म्हणाल्या. "ह्या कुणी दुसऱ्याच आहेत. अख्खा जन्म त्या बाईनं एक दफा मला विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. मेल्यावर एवढी सुधारेल? हे शक्य नाही." त्यांनी नाक पुसलं. "आणि मी परक्या पोरीला धपाटे घातले! माफ कर गो मला." मृणालिनी त्यांच्या शेजारी, उरलेल्या वीतभर जागेत बसली. काकूंचा हात तिनं हातात घेतला. तो हळदीनं पिवळा आणि गरम होता. "तुझ्याकडून उचललं असेल तिनं," काकू म्हणाल्या. "तू विचारत असशील घरात. चांगलं वळण आहे तुझं."

मृणालिनी हो म्हणणार होती. मोह फार मोठा होता. पण ती आठवू लागली आणि तिला आठवेना. तिच्या घरात 'जेवलास का' असं कुणी कुणाला विचारत नसे. इंदूला ती विचारायची, 'तुला भूक लागलीय असं तुला वाटतं का?' श्रीनिवास तर पान वाढलंय का एवढंच विचारायचा. "मी नाही विचारत, काकू," ती म्हणाली. "शास्त्रीबुवा विचारत असतील तुम्हाला."

"ते?" काकूंना रडता-रडता हसू आलं. "ते जेवून उठतात आणि मला विचारतात, मी जेवलो का गो?"

दोघींनी मग माना वर करून इंदूकडे पाहिलं. वरच्या झरोक्यातून जिन्यात थोडा उजेड येत होता. त्यात बसलेली ती पोर दोघींच्याही ओळखीची नव्हती. तिच्या नाकावर अण्णा नव्हते, कपाळावर सासूबाई नव्हत्या, आणि मृणालिनीनं इतकी वर्षं आलेखावर वर चढवत नेलेली रेघ तर तिच्यात कुठेच दिसत नव्हती. काकूंनी पदर नीट केला आणि नवख्या पाहुण्याला विचारावं तशा अदबीनं विचारलं, "आपलं नाव काय, हो?"

"इंदू," ती म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, अशा सुरात. "सरका."

दोघी भिंतीला चिकटल्या. इंदू एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, झगा आवरत, त्यांच्या मधून उतरली आणि चौकात गेली. "कुठं निघालीस?" मृणालिनीनं विचारलं. "काम आहे," उत्तर आलं. दोघी तशाच बसून राहिल्या, काहीतरी मोठं पाहिल्यासारख्या, आणि तो क्षण आणखीही टिकला असता. पण काकूंच्या कपाळावर एकदम आठी पडली. "मृणाल," त्या म्हणाल्या, "बाहेरचं दार उघडं आहे."

दोघी एकदम उठल्या आणि अरुंद जिन्यात एकमेकींत अडकल्या. "तुम्ही व्हा पुढे." "अगो तू हो, माझा पदर सोड!" काकूंचा खांदा, मृणालिनीचं कोपर, दगडी भिंत, असं सगळं एकमेकांवर घासत अखेर दोघी बाटलीतून बूच निघावं तशा चौकात निघाल्या आणि दाराकडे धावल्या. उंबऱ्याबाहेर, गल्लीची सगळी रुंदी अडवून, एक भला दांडगा सांड पसरला होता. बनारसमध्ये सांडाला ऊठ म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. दोन्ही बाजूंना सायकली आणि माणसं खोळंबली होती. इंदू त्याच्या नाकाशी उभी होती. ती त्याला फर्मावत नव्हती. तो तयार होईपर्यंत थांबतही नव्हती. कमरेत वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, ती त्याला काहीतरी सांगत होती; आणि तो आवाज दोघींपैकी कुणीही तोवर कधी ऐकलेला नव्हता.